खाडीकडची ट्यूब

दिनानाथ वायरमन शनिवारी दुपारी शेवटचा स्क्रू पिळून गेला. त्या दिवशी सगळे कीर्तीच्या सासऱ्यांना, काशीरामांना घेऊन कोन गावी हळदीला गेले आणि झोपायच्या वेळेला परतले, त्यामुळे नव्या दिव्यांची पहिली संध्याकाळ रविवारी आली. कीर्तीने साडेसहाला एकेक बटण दाबलं आणि त्या घरातली माणसं पहिल्यांदाच एकमेकांना देखणी दिसली.

पंधरा वर्षं या बंगल्यात संध्याकाळी रेशनच्या दुकानासारखा उजेड पडायचा. जमीन प्रकल्पात गेली, त्या पैशांत बंगला उठला, तेव्हा काशीरामांनी ठरवलं होतं की उजेडात कंजूषी करायची नाही, आणि दिसेल त्या भिंतीवर ट्यूब ठोकली होती. आता छतात गोल पिवळसर दिवे होते, सोफ्यामागे उभा लॅम्प होता, जेवणाच्या टेबलावर काचेची टोपी घातलेला दिवा लोंबत होता. मागच्या पडवीतसुद्धा भिंतीलगत दोन बुटके दिवे बसले होते. भिंतीवरची ओल दिसत नव्हती. कीर्तीच्या नवऱ्याच्या, हरेशच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंही दिसत नव्हती, आणि गेल्या तीन महिन्यांत ती बरीच वाढली होती.

"हॉटेल केलंस घराचं," हरेश म्हणाला, पण उठून दुसरीकडे गेला नाही. त्यांच्या मुलीने, मनस्वीने, आजीला लॅम्पशेजारी बसवून मोबाइलवर फोटो काढला. भामाबाई फोटोत हसल्या, आणि त्या घरात हसू येणं ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती.

कीर्तीने हे हौस म्हणून केलं नव्हतं. पनवेलच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं की अशा विसराळूपणात संध्याकाळची वेळ वाईट असते. पांढऱ्याफटक उजेडात सावल्या काळ्या पडतात, म्हाताऱ्या माणसाला त्या खड्ड्यासारख्या वाटतात, तो बिथरतो. घरात मऊ, सारखा उजेड ठेवा. ज्या सासऱ्यांनी लग्नानंतर तिला बी.एड. करू दिलं, नातेवाइकांचं तोंड बंद केलं, ते आता तिला "बाय, तू कुनाची?" असं विचारत. औषधाने काही फरक पडत नव्हता. मग तिने शाळेतून आठवडाभर रजा घेतली आणि पाच दिवस दिनानाथच्या शिडीखाली उभी राहून एकेक दिवा बसवून घेतला. हा एवढाच उपाय तिच्या हातात होता.

तिला हेही माहीत होतं की या दिव्यांवर बरंच काही टांगलेलं आहे. काशीरामांच्या संध्याकाळी शांत गेल्या, तर प्रितेशच्या खिशातला तो फॉर्म खिशातच राहणार होता.

प्रितेश, हरेशचा धाकटा भाऊ, त्या दिवशी खांदा कॉलनीहून एकटाच आला होता. बायकामुलं बरोबर नाहीत म्हणजे बोलायला आलाय, हे हरेशने गाडीचं दार लागल्याच्या आवाजावरूनच ओळखलं. प्रितेशने दिव्यांकडे पाहिलं, वहिनीला छान झालंय म्हणाला, आणि चहा संपायच्या आत विषयावर आला. कर्जतच्या बाजूला अशा माणसांसाठी एक केंद्र होतं. त्याने जाऊन पाहिलं होतं, प्रवेशाचा फॉर्मही आणला होता. स्वच्छ होतं, आवार बंद होतं, झाडं होती. एक खाट रिकामी झाली होती, पण फार दिवस ती राहणार नव्हती.

प्रितेशला वाईट म्हणणं सोपं होतं, आणि गावात काही जण म्हणतही होते. पण दिवाळीत काशीराम हरवले तेव्हा ते सापडले होते प्रितेशला. पळस्प्याला, गोव्याचा रस्ता जिथे फुटतो तिथे, दुभाजकावर उभे होते. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते आणि ते हात वर करून कुणाला तरी थांबायला सांगत होते. प्रितेश अजून झोपेतून दचकून उठायचा. हे त्याने फक्त हरेशला सांगितलं होतं.

त्याच रात्री भामाबाईंनी देवघरातल्या टाकावर हात ठेवून शब्द दिला होता. "येकदा माफ करा. परत हरवलं, तर मी आडवी येनार नाय." त्या शब्दावर तीन महिने निघाले होते.

आज प्रितेशचं म्हणणं होतं की परत हरवायची वाट कशाला बघायची. हरेशला वाटे की धाकट्याचं बरोबर आहे. मग आईचं तोंड दिसे आणि वाटे की बरोबर असून काय उपयोग. कीर्तीने ठाम सांगितलं की एक महिना द्या, दिवे आजच लागलेत. वहिनी आणि दीर एरवी एकमेकांच्या बाजूने बोलणारे. आज समोरासमोर बसले होते आणि दोघांचाही आवाज चढत नव्हता, हे जास्त वाईट होतं. मनस्वी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती आणि एक शब्दही चुकवत नव्हती.

प्रितेशने विचारलं, बाबा कुठे आहेत.

"खाडीवर गेलेत," भामाबाई म्हणाल्या. "येतील. दिवेलागनीला येतात ते बरोबर."

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

काशीराम रोज चार वाजता मागच्या दाराने निघायचे. घरामागे शेताडीचा एक पट्टा, मग बांध, आणि बांधापलीकडे एकेकाळी मिठागर होतं. काशीराम तिथे उघाडीवर, पाण्याच्या दारावर, कामाला होते. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं तेव्हा लाकडी दार वर करायचं, पुरेसं झालं की पाडायचं, आणि भरतीला माणसाची वेळ बघायची सवय नसते. आता तिथे अर्ध्यावर भराव पडला होता आणि उघाडीचे दोन दगडी खांब तेवढे उरले होते. काशीराम त्या खांबाला टेकून बसत आणि दिवेलागणीला उठून घरी येत. पळस्प्यानंतर हरेशने मागच्या दाराला कुलूप घातलं होतं. दोन दिवस त्यांनी डोकं दारावर आपटलं, तेव्हा कुलूप काढावं लागलं. रस्त्याच्या दाराला मात्र कुलूप राहिलं. खाडीवरून ते रोज बिनचूक परत यायचे. का यायचे, याचा कुणी विचार केला नव्हता. जी गोष्ट नीट चालते तिच्याकडे घरातलं कुणी बघत नाही.

साडेसात झाले तसे दोघे भाऊ उठले. एक गाडी पळस्प्याकडे, एक मोटारसायकल कोनच्या रस्त्याला. मागच्या वेळी ते रस्त्यावर सापडले, म्हणून याही वेळी रस्त्यावरच, असं दोघांनी धरलं. निघताना प्रितेशने फॉर्म काढून टेबलावर, त्या लोंबत्या दिव्याखाली ठेवला. नव्या उजेडात त्यावरची बारीक अक्षरंही छान वाचता येत होती.

कीर्ती बॅटरी घेऊन मागच्या पडवीत गेली. पायरीवर चिखलाचे ओले ठसे होते. पहिल्या पायरीवर दोन, दुसरीवर दोन. तिसरीवर एकच, उजव्या पायाचा, आणि तिथून तो वळला होता. तिथून ठसे पुन्हा खाली उतरून गेले होते.

तिने वाकून त्याला हात लावला. चिखल अजून ओला होता.

शेजारची वेणू कुंपणाशी आली. ती म्हणाली, काका मघाशी आले होते, पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. "पायरीवर उभं होते. मी इचारलं, काका, आत का नाय जात? तर बोल्ले, चुकलो गो बाय. माजं घर खाडीवरनं दिसतं. हे दुसऱ्या कुनाचं तरी हाय." वेणूला वाटलं होतं, म्हाताऱ्याचं नेहमीचंच. आणि आत माणसं बसलेली दिसत होती, तेव्हा ती भाकऱ्या थापायला निघून गेली होती.

कीर्ती पायरीवर बसली. ज्यांच्यासाठी पाच दिवस खपली, ते पायरीपर्यंत येऊन, परक्या घरात डोकावल्याबद्दल ओशाळून मागे फिरले होते. तिला मोठ्याने रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही.

भामाबाई दाराशी उभ्या होत्या. वेणूचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "खाडीवरनं दिसतं," त्या पुटपुटल्या, आणि त्यांनी मान वर करून भिंतीच्या माथ्याकडे पाहिलं. तिथे दोन वायरींची टोकं काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली होती.

काशीरामांचे वडील उघाडीवरून परतताना अंधारात बांध चुकले आणि खाडीत गेले, तेव्हा काशीराम अकरा वर्षांचे होते. प्रेत तिसऱ्या दिवशी मिळालं. लग्न होऊन भामा या घरात आली, त्या पहिल्या संध्याकाळी नवऱ्याने तिच्या हातात कंदील दिला आणि मागच्या खुंटीवर टांगायला सांगितला. बाकी काय विसरलीस तरी चालेल, हे विसरू नको. मग वीज आली, कंदिलाच्या जागी बल्ब आला, त्याच जागी बंगला झाला तेव्हा ट्यूब आली. गावातले सगळे दिवे रस्त्याकडे तोंड करून, यांच्या घराचा एक खाडीकडे. मिठागर बंद पडलं, उघाडी मोडली, तरी ती ट्यूब भामाबाई दिवेलागणीला लावत राहिल्या, हाताला वळण होतं म्हणून. कशासाठी लावतो आहोत, हे हळूहळू त्यांच्या मनातून पुसून गेलं.

आणि पुसून गेलं तेवढ्यावर थांबलं नव्हतं. ती ट्यूब त्यांना आवडत नव्हती. पावसाळ्यात तिच्यावर किडे झोंबत आणि आमटीत पडत. तिचा उजेड खिडकीच्या झडपेतून थेट त्यांच्या उशीवर येई. शनिवारी दिनानाथने शिडीवरून विचारलं होतं, "मावशी, ही मागची ठेवू का काढू?" आणि त्या तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या होत्या, काढ.

दिवाळीचं कोडंही आता सुटलं. दिवाळीत गावभर कंदील, माळा, खाडीच्या अंगालाही रोषणाई. त्या एवढ्या दिव्यांत त्यांना आपला दिवा सापडला नव्हता. मग ते चालत राहिले, थेट पळस्प्यापर्यंत. सगळ्यांनी म्हटलं, आजार वाढला.

भामाबाई रडल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं की ती ट्यूब कुठाय.

दिनानाथ जुन्या वळणाचा माणूस होता. चोक चांगला आहे, असू दे, म्हणून त्याने ट्यूबसकट पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवली होती. मनस्वीने ती उतरवली. ट्यूब शाबूत होती, स्टार्टर नव्हता. वेणूने काही न विचारता आपल्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबचा स्टार्टर पिळून काढला आणि कुंपणावरून दिला. तिचं स्वयंपाकघर काळोखात गेलं आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

कीर्तीने मेन स्विच पाडला. सगळे नवे दिवे एकदम गेले. टेबलावर स्टूल, स्टुलावर ती, खाली सासू आणि मुलगी टेबल धरून. मनस्वीने एका हाताने बॅटरी वर धरली होती. पाच दिवस बघून बघून कीर्तीला वायर सोलायची कशी हे कळलं होतं, पण हात दिनानाथचे नव्हते. दोनदा वायर निसटली. दूर भरतीचा आवाज येत होता. भामाबाईंना तो ऐकू येत होता. बांध त्यांच्या सासऱ्यांनाही पाठ होता.

मेन स्विच वर केला तेव्हा घरातले सगळे पिवळे दिवे लागले आणि ट्यूब दोन्ही टोकांना नुसती तांबडी झाली. कीर्तीने स्टार्टर पिळला. ट्यूब फडफडली, विझली, पुन्हा फडफडली, आणि लागली. घरामागचं सगळं शेत पांढरं झालं.

"आतलं बंद कर," भामाबाई म्हणाल्या. "सगळं."

कीर्तीने आत जाऊन एकेक बटण बंद केलं. शेवटचं बटण त्या लोंबत्या दिव्याचं होतं. फॉर्म अंधारात गेला.

मग वाट पाहण्याखेरीज काही नव्हतं. मनस्वी बांधावर शोधायला निघाली होती, तिला भामाबाईंनी थांबवलं. बॅटरीचा आणखी एक दिवा तिथे हलायला लागला तर ते त्याच्यामागे जातील, एवढंच सांगितलं. मग त्या स्वतः ट्यूबखाली, उजेडात दिसतील अशा उभ्या राहिल्या. दहा मिनिटं गेली. ओळखीचे किडे ट्यूबवर जमायला लागले.

गाडी आणि मोटारसायकल पाठोपाठ आल्या. पळस्प्याला नाहीत, कोनच्या रस्त्यालाही नाहीत. प्रितेश घामाने भिजला होता. पोलिसात जाऊ, असं म्हणतच तो मागे आला आणि काळोखं घर, पांढरं शेत बघून थांबला. कीर्तीने त्याला पायरीवरचे ठसे दाखवले आणि वेणूचं बोलणं सांगितलं. हरेश भिंतीला टेकला. त्याला आपल्या लहानपणचा कंदील आठवला, तो पुसायचं काम त्याचंच असायचं. त्यालासुद्धा सुचलं नव्हतं.

"प्रितेश," भामाबाई म्हणाल्या. "मी शबूद दिला होता, तो मोडनार नाय. पन आज ते हरवलं नाय. आज घर हरवलं. मी काढ बोलले म्हनून काडली ट्यूब. आता कुनाला पाटवायचं ते तू ठरव."

तेवढ्यात शेताच्या टोकाला पांढऱ्या उजेडात काहीतरी हललं.

काशीराम येत होते. कमरेपर्यंत भिजलेले होते, धोतर पायांना चिकटलं होतं. पण चाल ठाम होती, तरुणपणी उघाडीवरून परतताना असायची तशी. नजर वर, ट्यूबवर. वाटेतल्या दगडांकडे न बघता ते सरळ आले. हरेश पुढे धावणार होता, कीर्तीने त्याचा हात धरला. काशीराम पायरीशी आले, त्यांनी चिखलाचे पाय पहिल्या पायरीच्या कडेला घासले, जसे गेली पन्नास वर्षं घासत आले होते, आणि पडवीत येऊन ट्यूबखाली बसले. त्यांनी लांब श्वास सोडला. सगळी माणसं त्यांच्याभोवती उभी होती, त्यांतल्या एकाकडेही त्यांनी ओळखीने पाहिलं नाही.

मनस्वीने टॉवेल आणला. प्रितेश गुडघ्यांवर बसून वडिलांचे पाय पुसू लागला. खाडीचं मीठ लागलेले, भेगा पडलेले पाय. पुसता पुसता तो वर न बघता हरेशला म्हणाला, "ही पट्टी जुनी झालीय. उद्या नवी आणतो. एक जादा आणून ठेवू, घरात असलेली बरी." हरेशने मान हलवली. कीर्ती आत गेली आणि तिने अंधारातच टेबलावरचा फॉर्म उचलून कपाटात, कागदांच्या खाली सारला. फाडला नाही. तो कधीतरी लागणार, हे तिलाही कळत होतं.

तिने आतले दिवे पुन्हा लावले नाहीत. काशीरामांना आत न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा ते दाराशी अडले आणि परत ट्यूबखाली येऊन बसले. मग अंथरूण पडवीतच घालायचं ठरलं. चहा झाला. एकेक जण आत गेला, भामाबाई राहिल्या.

काशीरामांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नजर परक्या बाईकडे बघावी तशी, अदबीची.

"बाय, हितं भामा ऱ्हाते," ते म्हणाले. "ती दिवा लावते म्हनून मी येतो. दिवा हाय, पन ती दिसत नाय."

मी हाय, असं भामाबाई गेल्या महिन्यात दोनदा म्हणाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा काशीराम घाबरून मागे सरकले होते.

"आतच हाय," त्या म्हणाल्या. "येल."

"मग ती येईस्तवर बसतो."

"बसा."

काशीराम भिंतीला टेकून बसले. त्यांच्या खांद्यावर एक किडा पडला, तो भामाबाईंनी बोटाने उडवला. मग पदर सावरून त्या शेजारी बसल्या आणि त्यांच्याबरोबर भामाची वाट बघू लागल्या.